अंजनबागेची पसंती

पहिलं उपनगर आम्हाला बघायला आलं ते रविवारी, मी पोह्यांना फोडणी घालत होते तेव्हा. वेळ अकराची ठरलेली आणि हे दहालाच दारात हजर. ठरल्या वेळेआधी येणाऱ्या माणसांचा मला आधीपासून राग आहे, आणि उपनगर झालं म्हणून तो काही कमी झाला नाही.

आधी त्याचा चौक आत आला, मग एकामागून एक गल्ल्या, मग कारंज्याचा बगीचा, आणि सगळ्यात शेवटी शाळा, आमचा जिना चढून दमलेली. सिग्नल त्यांनी बाहेर चपलांपाशी उभा केला. आमचा हॉल तो केवढा, दोन खाटा टाकल्या की संपला. पण उपनगर जसजसं आत येत गेलं तसतशी समोरची भिंत मागे सरकत गेली आणि सगळं नीट बसलं. शाळेला खुर्ची दिली. बधेकाकांनी आधीच बजावलं होतं की बघायच्या कार्यक्रमात मुलाच्या मामाला जपतात तसं शाळेला जपा, तिनं नाक मुरडलं की बाकीच्यांच्या होकाराला काही अर्थ नाही.

बधेकाका हे मध्यस्थ. पूर्वी लग्नं जमवायचे, आता उपनगरं जमवतात. ते सांगायचे, एके काळी लोक म्हणे स्वतः शहरात जाऊन वणवण फिरायचे, इथलं भाडं बघ, तिथली शाळा बघ, कुठलं पाणी चांगलं ते विचार. ती पद्धत गेली. आता उपनगरंच गावोगाव निघतात आणि लेकरं पसंत पडली तर घेऊन जातात. माझ्या नवऱ्याची, शिरीषची, उदगीरहून बदली झाली होती. शहर ठरलं होतं. शहरात कुठं राहायचं हे आमच्या हातात नव्हतं.

"पोहे तिखट नाहीत ना?" उपनगराने विचारलं. त्याचं नाव पलाशनगर. ते लिफ्टमधल्या बाईसारखं बोलायचं, प्रत्येक वाक्यानंतर थोडं थांबून.

"नाहीत हो. पोरांसाठी म्हणून साधेच केलेत," मी म्हणाले.

लेकरांना बोलावलं. उमा अकरा वर्षांची, बसू सहाचा. दोघांना स्वच्छ कपडे घातले होते. बसूचे केस पाण्याने चोपून बसवले होते, तरी मागचा एक झुपका उभाच.

"चालून दाखव," पलाशनगर उमाला म्हणालं.

उमा खिडकीपर्यंत चालत गेली आणि परत आली. भिंत मागे सरकल्यामुळे खिडकी बरीच लांब गेली होती. तिला वेळ लागला.

"आमच्याकडे बसथांबा लांब आहे," पलाशनगर म्हणालं. "एवढं हळू चालत नाही."

शाळेने बसूला जवळ बोलावलं. "बाळ, एक सफरचंद चौघांत वाटलं तर प्रत्येकाला किती येईल?"

"सफरचंद कुणाचंय?" बसूने विचारलं.

शाळेने तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या लावून घेतल्या. मला हसू आलं होतं, पण शिरीषने डोळे मोठे केले म्हणून मी चहा आणायला आत गेले.

उत्तर गुरुवारी आलं. बधेकाका स्वतः आले, उंबऱ्यात उभे राहूनच म्हणाले, "नकार असा नाही म्हणत ते. पण तुमची लेकरं पाणी फार पितात म्हणाले. त्यांचं सगळं टँकरवर आहे."

"दोन-दोन पेले तर प्यायली," मी म्हणाले.

"त्यांनी बघितलं ना पण."

सोमवारी सामान नेणारे आले. त्यांचं सगळं आधीच ठरवून टाकलं होतं आणि नवं घर ठरलं नाही म्हणून ते काही थांबणार नव्हते. दर सोमवारी एक खोली न्यायची, असा त्यांचा नेम. ते कपाटं रिकामी करत बसत नाहीत. दोऱ्या लावून अख्खी खोली उचलतात, भिंतींसकट, आणि ट्रकमध्ये ठेवतात. मागची खोली गेली. तिच्या जागी शेजाऱ्यांची भिंत होती, नुकताच चुना दिलेली. मी म्हणाले, स्वयंपाकघराला शेवटी हात लावा रे बाबांनो. त्यांच्यातला एक म्हणाला, "क्रम वरून येतो, ताई."

खोलीचं मला एवढं काही वाटलं नाही. माझा जीव उडाला होता तो दाखल्यामुळे.

शिरीषने घाई केली होती. बदलीचा कागद हातात पडल्या पडल्या शाळेत जाऊन दोन्ही लेकरांचे दाखले काढून आणले. शाळा सोडल्याचा दाखला काढला की गावाला लेकरू दिसत नाही. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच संध्याकाळी समोरच्या शैलावहिनी भाजी द्यायला आल्या. उमाने पुढे होऊन त्यांच्या हातातली वाटी घेतली, आणि त्या मला विचारतात, "लेकरं दिसेनात, आजोळी गेली का?" उमा त्यांच्या समोर वाटी धरून उभी होती. मी म्हणाले, हो, गेलीत. दुसरं काय सांगणार?

उमाला सुरुवातीला गंमत वाटली. दोन दिवस ती गावभर हिंडून लोक आपल्या माघारी काय बोलतात ते ऐकून आली. पण बसूचं तसं नव्हतं. तो बॅट घेऊन मैदानावर गेला आणि खेळायला उभा राहिला. पोरं गोलंदाजी करत होती, चेंडू येत होता, त्रिफळा उडत होता, पण बाद कुणी म्हणेना. तो ऊन उतरेपर्यंत तिथं उभा होता. घरी आला आणि म्हणाला, "आई, मी आउटच होत नाही." खूश नव्हता, रडतही नव्हता. मी कणीक मळायला घेतली आणि नुसती मळतच राहिले, इतकी की ती पोळीच्या कामाची राहिली नाही.

मी बधेकाकांना धरलं. ते म्हणाले, "वहिनी, दाखला निघाला की लेकरू मोकळं झालं. कुठल्याच गावाचं नाही ते. शाळा उघडेपर्यंत कुणीतरी त्याला धरलं पाहिजे. नाहीतर हळूहळू घरच्यांची पण सवय सुटते."

"कसली सवय?"

"लेकराची," ते म्हणाले.

"आणि मोठ्यांचं?"

"मोठ्यांना नोकरी असते. ते दिसतात."

तिन्हेवाडी पुढच्या रविवारी आली. ती मूळची वाडीच, शहर वाढत वाढत तिच्या अंगावर आलं तेव्हा नाइलाजाने उपनगर झालेली. ती आपल्या म्हशींसकट आली. पाण्याची टाकी दारात अडकली, ती शिरीषने आणि मी आडवी करून आत घेतली. तिन्हेवाडीने दोनदा पोहे घेतले आणि तिसऱ्यांदा ताटली पुढे केली. मला ती आवडली होती, खोटं कशाला बोलू. तिने बसूला उचलून मांडीवर घेतलं, त्याचा उभा झुपका कुरवाळला आणि म्हणाली, "हे पोरगं आमचं. ठरलं."

"आणि उमा?" मी विचारलं.

तिन्हेवाडीने मागे बघितलं. तिची शाळा दारापाशीच बसली होती, दोन खोल्यांची, कौलारू, लाजाळू. "माझ्यात चौथीपर्यंतच आहे," शाळा म्हणाली.

"पोरीसाठी दुसरं बघा की," तिन्हेवाडी म्हणाली. "बापाला तिकडं ठेवा, तुम्ही हिकडं या. शहरात असंच असतंय आता."

शिरीष माझ्याकडे बघत होता. त्याला निर्णय घ्यायचा नव्हता, त्याला तो कधीच घ्यायचा नसतो. मी म्हणाले, "नाही. दोघं एकाच ठिकाणी जातील. बहीण-भावंडं आहेत ती." मला त्या वेळी फार बरं वाटलं. ताठ मानेनं बोलले मी. तिन्हेवाडीने बसूला मांडीवरून खाली ठेवलं आणि वाईट वाटून म्हणाली, "बघा बाई." मग म्हशी उठवल्या आणि निघाली.

जिन्यात बधेकाका मला म्हणाले, "गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. तुम्हाला फार आहे, वहिनी."

सोमवारी झोपायची खोली गेली.

त्यानंतर कोण कोण आलं ते सगळं सांगत बसत नाही. एक उपनगर स्वतः आलंच नाही, फक्त आपला पोहण्याचा तलाव पाठवला. तो हॉलमध्ये पसरून बसला, चहाला नको म्हणाला आणि जाताना सतरंजी ओली करून गेला. एकाला लेकरं चालत होती पण आमच्या बोलण्याला उदगीरचा वास येतो म्हणाले. एकाने सगळं ऐकून घेतलं, लेकरांना जवळ घेतलं, आणि मग सांगितलं की आपण अजून बांधलेलोच नाही, पुढच्या दिवाळीपर्यंत होऊ. मी दर रविवारी पोहे करत होते. पोह्यांच्या वासानेच माझं डोकं उठायला लागलं होतं. उमा म्हणाली, "आई, मी चालून चालून कंटाळले. त्यांना म्हणावं, बसून बघा." मी तिला रागावले. खरं तर तिचं बरोबर होतं.

स्वयंपाकघर गेलं. मग न्हाणीघर गेलं, आणि आम्ही शैलावहिनींकडे स्वयंपाकाला आणि अंघोळीला जायला लागलो. हॉल आणि आम्ही एवढंच उरलं.

एका दुपारी शिरीषने पानं वाढली. तीन. मी म्हणाले, एक कमी आहे. त्याने मोजली, माझ्याकडे बघितलं, उमाकडे बघितलं. बसू त्याच्या समोर मांडी घालून बसला होता, भुकेला. शिरीषच्या चेहऱ्यावर जरा वेळ काहीच नव्हतं. मग तो म्हणाला, "हां. बसू," आणि उठून चौथं ताट घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याला जास्त वेळ लागला. तिसऱ्या दिवशी तो टेकायला म्हणून बसूच्या अंगावरच बसायला गेला. मी ओरडले. "तिथं कोणंय?" तो म्हणाला. मी बसूला ओढून माझ्याजवळ घेतलं.

उमाचं तसं झालं नाही. तिचं नाव पाच वर्षं शाळेत होतं, बसूचं एकच वर्ष, म्हणून तो आधी पुसट झाला. हे मला बधेकाकांनी समजावून सांगितलं आणि हेही सांगितलं की यात शिरीषभाऊंचा दोष नाही. दोष कुणाचा मी विचारत नव्हते. मी बसूचा हात सोडायची बंद झाले. भाजी निवडताना एका हाताने निवडायची. तो वैतागायचा, "आई, मला घाम येतोय." "येऊ दे," मी म्हणायची.

अंजनबाग आली ती बरोबर वेळेवर. शाळा उघडायला तेव्हा फार दिवस उरले नव्हते. तिच्याबद्दल बधेकाका महिनाभर सांगत होते. जुनं, खानदानी उपनगर आहे, ती कुणाला बघायला सहसा बाहेर पडत नाही, पडलीच तर एका घरी. तिच्या शाळेचं नाव काढलं की शिरीष सरळ होऊन बसायचा. तिची झाडं आधी आत आली आणि हॉलमध्ये गारवा झाला. मग बंगले आले, एकमेकांना वाट देत. शाळा काळ्या दगडाची. खुर्ची दिली तर तिने ती रुमालाने पुसून घेतली.

"पोहे नकोत," अंजनबाग म्हणाली. "चहा चालेल. बिनसाखरेचा."

स्वयंपाकघर ट्रकमध्ये होतं, चहा शैलावहिनींकडून करून आणावा लागला. मी येईपर्यंत उमाचं वाचन चाललं होतं. ती खणखणीत वाचत होती. शाळेने एक खिडकी उघडली, मग दुसरी, मग वरच्या मजल्यावरच्या सगळ्या. माझ्या पोरीला कुणी असं खिडक्या उघडून ऐकलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पदराने टिपलं.

"मुलगी पसंत आहे," अंजनबाग म्हणाली. "घरात आणखी कुणी आहे का?"

"हा धाकटा," मी म्हणाले. बसूला पुढे केलं आणि दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवले, म्हणजे कुठे बघायचं ते कळावं. अंजनबागेने माझ्या हातांखालच्या जागेकडे अदबीने बघितलं.

"छान," ती म्हणाली. "पण आमच्याकडे जागा एकच आहे."

शिरीष घसा खाकरून काहीतरी बोलणार होता. मी त्याला बोलू दिलं नाही. "आमचं दोन्ही लेकरांचं बरोबरच बघायचं ठरलंय," मी म्हणाले. "विचार करून कळवते." विचार काही करायचा नव्हता. माझा नकार होता, आणि तो त्यांच्या तोंडावर कसा सांगायचा एवढाच प्रश्न होता.

"जरूर," अंजनबाग म्हणाली. कप बशीत ठेवला, बंगल्यांना खूण केली आणि सगळे उठले. शाळाही उठली. पाहुणे निघाले की उठायचं, दारापर्यंत जायचं, या परत म्हणायचं, हे अंगात भिनलेलं असतं. माझी आई पाहुणा उठला रे उठला की आम्हाला पुढे ढकलायची. माझंही तोंड तसंच, मला न विचारता उघडलं.

"उमा, नमस्कार कर."

उमा वाकली. उपनगराचे पाय म्हणजे त्याची हद्द. अंजनबागेची हद्द जुनी होती, दगडी, चुना लावलेली, आमच्या फरशीवर ती दाराच्या दिशेने टेकली होती. उमाने तिला दोन्ही हात लावले आणि डोक्याला लावले.

"मोठी हो," अंजनबाग म्हणाली. "आलीस तू."

बधेकाकांनी कपाळावर हात मारला. "अहो वहिनी, काय केलंत हे. हद्दीला हात लावला पोरीने. झालं ना आता."

"नुसता नमस्कार केला तिनं," मी म्हणाले. "मोठ्यांना करतात तसा."

"तोच तर होकार असतो."

"मग मोडा तुम्ही. मध्यस्थ आहात ना?"

"लग्न मोडता येतं. हद्द नाही मोडत."

मी बसूला पुढे लोटलं. "बसू, तू पण. पटकन. वाक." तो वाकला. पण अंजनबागेने तोवर पाय उचलून घेतले होते, ती निघाली होती. बसूचे हात कोऱ्या फरशीला लागले. त्याने ते डोक्याला लावले आणि मान वर करून मला विचारलं, "झालं का?"

मी त्याच्या हातांची धूळ पदराने पुसली.

उपनगर निघालं की त्याचे लोक त्याच्याबरोबर निघतात, मुलगी आणि मुलीचे आईबाप. आमच्या पायाखालून एक गल्ली पुढे सरकायला लागली, बाजूला झाडं असलेली, स्वच्छ. शिरीषने पिशवी उचलली. कित्येक दिवसांनी त्याचा चेहरा सैल पडला होता.

"चला," तो म्हणाला. "एकदाचं झालं. आता तू पण जरा निवांत हो."

"आणि बसू?"

तो खरंच आठवत होता. भुवया जवळ आणून, मान एका बाजूला करून, बराच वेळ. मग म्हणाला, "कोण गं?"

शिरीष खोटं बोलतो तेव्हा मला कळतं, तो कान खाजवतो. त्याने कान खाजवला नाही. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याच वेळी त्याला पोटाशी धरावंसं वाटलं. मी दोन्हीपैकी काहीच केलं नाही. मी डाव्या हाताने बसूचा हात धरला.

माझे पाय गल्लीत होते आणि त्याचे हॉलच्या फरशीवर. "उचल पाय," मी म्हणाले, "ये इकडे." त्याने पाय उचलला, पुढे टाकला, आणि तो परत फरशीवरच पडला. त्याने पुन्हा केलं. मी त्याला उचलून घ्यायला वाकले तर तो जमिनीत रुतलेल्या खांबासारखा हलेना. गल्ली माझ्याखालून चालत होती. मी हात सोडला नाही. बसूचा हात लांब झाला.

आधी हॉलभर झाला, मग दाराबाहेर, मग जिन्यावरून खाली. शैलावहिनी जिना झाडत होत्या, त्यांनी तो जरा उचलून त्याखालून केरसुणी फिरवली. गाव संपलं. हात मागे पसरत होता, उसाच्या फडांवरून, मोठ्या रस्त्याच्या कडेकडेने. दुखत नव्हतं त्याला, मी विचारलं. "दुखतंय का रे?" तर बोटांनी माझा तळवा दाबला. आवाज पोचायचा बंद झाला तरी तो बोटं दाबत होता. एका ठिकाणी कारखान्याचा ट्रक आडवा आला. त्याचा क्लीनर खाली उतरला, गणपतीच्या वेळी विजेच्या तारा बांबूने वर धरतात तसा त्याने हात वर धरला, ट्रक खालून गेला. शेतातल्या बाया लुगडं सावरून त्याच्यावरून पलीकडे जायच्या. एकीने विचारलं, "कुणाचं हो हे?"

"माझं," मी म्हणाले.

"जपून न्या," ती म्हणाली.

उमा पुढे चालत होती. तिने दोन-तीनदा वळून बघितलं. "बसू येतोय ना, आई?"

"येतोय. मागनं येतोय."

अंजनबागेत आमचं घर मांडून तयार होतं. मागची खोली, झोपायची खोली, स्वयंपाकघर, सगळं ट्रकमधून येऊन जागच्या जागी बसलं होतं. फोडणीची वाटीसुद्धा सांडली नव्हती. मी दार उघडंच ठेवलं, कारण हात त्यातून जात होता. वॉचमन दोनदा सांगून गेला की दार लावा, इथं सगळे लावतात. शिरीष नव्या ऑफिसला गेला. मी उजव्या हाताने स्वयंपाक केला. झोपले ती दाराशी, हात पोटाशी घेऊन. थकवा असा की डोळे मिटले तरी तो जात नव्हता.

शाळा उघडली त्या सकाळी उमाला गणवेश घातला. तो आपोआप तिच्या मापाचा झाला. आरशात बघून ती वळली आणि तिची नजर माझ्या डाव्या हाताकडे गेली.

"आई, हे काय धरलंयस?"

मी तिच्याकडे बघत राहिले. तिने कधी खोटं बोलायचा प्रयत्न केला तर हसू फुटतं तिला. ती हसत नव्हती. तिला उशीर होत होता.

"काही नाही," मी म्हणाले. "चल."

अंजनबागेत पहिल्या दिवशी पालकांनी प्रार्थनेला हजर राहायचं असतं. आम्ही मैदानाच्या कडेला ओळीने उभे राहिलो. फाटकातून हात आत आला होता, लोक त्याला ओलांडून येत होते आणि सॉरी म्हणत होते. मोठ्या बाई पायरीवर आल्या. त्या म्हणाल्या, "पालकांनी दोन्ही हात जोडायचे. मधे काही नको, फूल नको, किल्ली नको. ज्यांचे हात जोडलेले नसतील त्यांच्या पाल्याची जागा दुसऱ्याला जाईल." आवाज चढवला नाही त्यांनी. सूचना होती ती.

माझ्या ओळीत पलीकडच्या टोकाला एका गृहस्थांचा हात प्लास्टरमध्ये होता, गळ्यात अडकवलेला. त्यांनी तो दाखवला. बाईंनी मान हलवली आणि मुलींच्या रांगेतून एकीला बाहेर घेतलं. दोन वेण्या, नवे बूट. ती फाटकाकडे चालत गेली. फाटक ओलांडलं आणि मला ती दिसेनाशी झाली. मी मान उंच करून बघितलं, रस्ता रिकामा होता. तिच्या वडिलांनी एकदा इकडे-तिकडे बघितलं, आपण इथं कशाला आलो ते आठवत असल्यासारखं. मग ते निघून गेले.

घंटा झाली. ओळीच्या त्या टोकापासून पालकांनी हात जोडायला सुरुवात केली, एकेक करून. तळवे मिटल्याचा आवाज माझ्याकडे यायला लागला. उमा पुढून तिसरी होती. हात जोडून, वेणी पुढे घेऊन, ती माझ्याकडे बघत होती. तिने ओठ हलवले. आई, हात.

डाव्या मुठीत बसूची बोटं होती, घामाने ओली. ती दाबत नव्हती आता. नुसती होती, झोपेत असतात तशी.

शेजारच्या बाईंनी हात जोडले. मी उजवा हात उचलून छातीशी आणला आणि डावा यायची वाट बघत उभी राहिले.